पेढीवरचा कारकून ते लंडनचा लॉर्ड मेयर: सर चार्ल्स ॲस्गिल आणि अठराव्या शतकातली सराफी

अठराव्या शतकात लंडनमध्ये बँक काढायला परवाना लागत नसे. किमान भांडवलाची अट नव्हती, ठेवींना विमा नव्हता, ताळेबंद छापायची सक्ती नव्हती आणि हिशेब तपासायला कोणी अधिकारीही येत नसे. लोंबार्ड स्ट्रीटवर जागा घेतली, भक्कम पेटी ठेवली, चार कारकून नेमले की पेढी सुरू. मग व्यापारी, जमीनदार, विधवा, वकील असे सगळे लोक आपला पैसा त्या पेढीत का ठेवत? कशाच्या भरवशावर?

सर चार्ल्स ॲस्गिल याचं आयुष्य नीट पाहिलं तर याचं उत्तर मिळतं. तो एका पेढीत वसुलीसाठी बाहेर फिरणारा कारकून म्हणून लागला. पुढे भागीदार झाला, १७४९ मध्ये आल्डरमन (नगराच्या एका वॉर्डाचा प्रतिनिधी), १७५२ मध्ये शेरीफ (न्यायालयाचे हुकूम बजावणारा नगराचा अधिकारी), १७५७ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर (नगरप्रमुख) आणि १७६१ मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरागत किताबाचा मानकरी). सराफी ही एक वाट आणि नगरकारभार ही दुसरी, असं हे आयुष्य वरवर दिसतं. प्रत्यक्षात दोन्ही एकाच धंद्याची अंगं होती. नगरातली पदं हे त्या काळच्या सराफाचं न दिसणारं भांडवल होतं. ते कसं, हे समजायला आधी पेढीचं काम कसं चाले ते पाहावं लागेल.

दोन कायदे आणि त्यांनी घडवलेला धंदा

लंडनमधल्या खासगी पेढ्यांना दोन कायद्यांनी आकार दिला. पहिला १७०८ चा. बँक ऑफ इंग्लंडची मक्तेदारी जपण्यासाठी त्यात ठरवलं गेलं की इतर कुठल्याही बँकेत सहापेक्षा जास्त भागीदार नसावेत. भागभांडवल विकून मोठी कंपनी उभी करायची वाट त्यामुळे बंद झाली. पेढी म्हणजे दोन, तीन, फार तर सहा माणसं. या माणसांची जबाबदारी अमर्याद असे. पेढी बुडाली तर भागीदाराचं राहतं घर, शेतजमीन, चांदीची भांडी, घोडागाडी, सगळं घेणेकऱ्यांच्या हाती जाई. 'मी एवढेच पैसे घातले होते, तेवढेच बुडाले' असं म्हणून सुटता येत नसे.

दुसरा कायदा १७१४ मध्ये अमलात आला. त्याने व्याजाची कमाल मर्यादा वर्षाला ५ टक्के ठरवली. जास्त व्याज घेताना सापडलं तर कर्जाच्या तिप्पट रकमेचा दंड. आज धोक्याच्या कर्जदाराला बँक जास्त दर लावते आणि बुडिताची भरपाई त्यातून काढते. ॲस्गिलच्या काळात ही सोय नव्हती. चांगल्या आणि वाईट कर्जदाराला कमाल दर एकच, म्हणून वाईट कर्जदाराला दारातूनच परत पाठवावं लागे. माणूस पारखणं हे सराफाचं खरं कौशल्य, आणि ते पेढीत बसून येत नसे. बाजारात फिरावं लागे.

ॲस्गिलची सुरुवात नेमकी तिथे झाली. लोंबार्ड स्ट्रीटवरच्या विल्यम बर्टी यांच्या पेढीत तो बाहेरच्या वसुलीचा कारकून होता. हे काम सर्वांत खालच्या पायरीचं. पण धंद्याची नाडी याच कामात कळत असे.

एक हुंडी, पहिल्यापासून शेवटपर्यंत

पैशांची मापं आधी लक्षात घेऊ: १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. गिनी हे सोन्याचं नाणं २१ शिलिंगांचं.

समजा, लीड्सच्या कापड व्यापाऱ्याने लंडनच्या दुकानदाराला ५०० पौंडांचं लोकरी कापड विकलं. दुकानदार ते विकून पैसे उभे करणार, त्याला ६० दिवस हवेत. लीड्सचा व्यापारी हुंडी लिहितो: '६० दिवसांनी मला किंवा मी सांगेन त्याला ५०० पौंड द्यावेत.' दुकानदार तिच्यावर 'स्वीकारली' असं लिहून सही करतो. त्या क्षणापासून ते त्याचं पक्कं देणं झालं. पण लीड्सच्या व्यापाऱ्याला विणकरांची मजुरी आजच द्यायची आहे. तो हुंडीच्या पाठीवर सही करून ती लंडनच्या पेढीत वटवायला आणतो.

पेढी हिशेब करते. इंग्लंडच्या प्रथेप्रमाणे मुदतीवर ३ दिवस सवलतीचे, म्हणजे एकूण ६३ दिवस. ५०० पौंडांवर ५ टक्क्यांनी ६३ दिवसांचं व्याज सुमारे ४ पौंड ६ शिलिंग ४ पेन्स. हा वटाव आधीच कापून घेऊन पेढी ४९५ पौंड १३ शिलिंग ८ पेन्स देते आणि हुंडी आपल्याकडे ठेवते. आगाऊ कापल्यामुळे खरा दर ५ टक्क्यांच्या किंचित वर जातो, पण व्यापाराची रीत म्हणून न्यायालयांनी हे चालवून घेतलं.

६३ वा दिवस उजाडला की वसुलीच्या कारकुनाचं काम सुरू. त्या दिवशी मुदत संपणाऱ्या सगळ्या हुंड्या तो गल्लीवार लावून घेतो, म्हणजे एका फेरीत चीपसाइड, दुसऱ्या फेरीत नदीकाठच्या वखारी. दुकानदाराकडे जाऊन हुंडी दाखवायची आणि पैसे मागायचे. पैसे हातात पडेपर्यंत हुंडी द्यायची नाही. कारण हुंडी हाच पुरावा, ती देणेकऱ्याच्या हातात गेली की दावा संपला. पैसे सोन्यात आले तर गिन्या वजन करून घ्यायच्या. झिजलेली किंवा कडा कातरलेली गिनी तशीच घेतली तर तूट पेढीच्या माथी. नोटा आल्या तर त्या नीट निरखायच्या. नोटेच्या बनावटगिरीला तेव्हा फाशीची शिक्षा होती, तरी खोट्या नोटा येतच. आणि दुसऱ्या पेढीवरची चिठ्ठी मिळाली, आजच्या भाषेत चेक, तर ती त्याच दिवशी त्या पेढीत नेऊन वटवायची. उद्यावर टाकली आणि रात्रीत ती पेढी बंद पडली, तर नुकसान कोणाचं यावर वर्षभर खटला चाले.

दुकानदाराने पैसे दिलेच नाहीत तर? त्या संध्याकाळी हुंडी नोटरीकडे जाते. नोटरी स्वतः किंवा त्याचा कारकून पुन्हा एकदा मागणी करतो आणि नकाराची लेखी नोंद करतो. मग हुंडीच्या पाठीवर ज्यांच्या सह्या आहेत त्या प्रत्येकाला ताबडतोब कळवायचं, कारण स्वीकारणाऱ्याने हात वर केले तर मागे सही करणारा प्रत्येक जण पूर्ण रकमेला बांधील असतो. इथे एक खाच आहे, आणि पुष्कळ पेढ्या तिच्यात अडकल्या. मागणी मुदतीच्या दिवशी केली नाही किंवा नकार कळवायला उशीर केला, तर मागच्या सह्या करणारे मोकळे होतात. एका कारकुनाने एक दुपार आळस केला तर ५०० पौंडांचे चार जामीन एकदम नाहीसे होऊ शकत.

असा कारकून काही वर्षांत काय शिकत असेल याची कल्पना करा. कोण पहिल्या हाकेला पैसे मोजतो, कोण 'दुपारी या' म्हणतो, कोणाच्या वखारीत माल पडून आहे, कोण एका हुंडीचे पैसे दुसरी हुंडी काढून भागवतो. हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नसतं. ॲस्गिल याच पेढीत पायरीपायरीने वर चढला आणि भागीदार झाला, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. कोणाची हुंडी घ्यायची आणि कोणाची परत करायची हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

या फेऱ्यांचा ताप पुढे कमी झाला. वेगवेगळ्या पेढ्यांचे कारकून दिवसभर एकमेकांच्या दारात चिठ्ठ्या घेऊन धावत. मग ते ठरलेल्या वेळी एका जागी भेटून चिठ्ठ्या अदलाबदल करू लागले आणि फक्त फरकाची रक्कम चुकती करू लागले. १७७० च्या दशकाच्या सुरुवातीला लोंबार्ड स्ट्रीटजवळ त्यासाठी खोली भाड्याने घेतली गेली. लंडनच्या क्लिअरिंग हाऊसचा उगम तो. मालकांनी आखलेली योजना नव्हती ती. पाय दुखणाऱ्या कारकुनांनी स्वतःच काढलेली वाट होती.

तिजोरीत किती, बाहेर किती

पेढीत आलेल्या ठेवी कोणत्याही क्षणी परत मागता येत, पण त्यातला मोठा भाग हुंड्यांत गुंतलेला असे. थोडा भाग सोनं आणि बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा म्हणून हाताशी. मधला भाग सरकारी रोख्यांत. १७५२ नंतर ३ टक्के व्याजाचे एकत्रित सरकारी रोखे, ज्यांना 'कन्सोल' म्हणत, सर्वांच्या आवडीचे झाले. ते बाजारात लगेच विकता येत. अडचण एकच: सगळ्यांना एकाच वेळी पैसे हवे असतात तेव्हा सगळेच रोखे विकायला काढतात आणि भाव कोसळतो.

१७४५ मध्ये हे सर्वांनी अनुभवलं होतं. ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या चार्ल्स स्टुअर्टची बंडखोर फौज स्कॉटलंडमधून निघून डिसेंबरच्या सुरुवातीला डर्बीपर्यंत आली. लंडनमध्ये खुद्द बँक ऑफ इंग्लंडच्या दारात रांगा लागल्या. सोनं लवकर संपू नये म्हणून बँकेने सहा पेन्सच्या चिल्लर नाण्यांत पैसे मोजायला घेतले असं सांगतात. त्याआधी, २६ सप्टेंबरला, शहरातले व्यापारी गॅरावेच्या कॉफीहाऊसमध्ये जमले होते. बँकेच्या नोटा आम्ही नेहमीसारख्या स्वीकारू, अशा जाहीरनाम्यावर अकराशेहून अधिक जणांनी सह्या केल्या. सोन्याचा साठा त्याने एका औंसानेही वाढला नाही. पण नावाजलेल्या माणसांच्या सह्या पाहून लोक सावरले.

शहरात नाव असणं याला काय किंमत आहे हे सराफांना यातून पक्कं कळलं.

नगराची शिडी

'सिटी ऑफ लंडन' म्हणजे आजचं अवाढव्य लंडन नव्हे. जुन्या तटबंदीच्या आतला आणि लगतचा जेमतेम एक चौरस मैलाचा भाग, २६ वॉर्डांत विभागलेला. प्रत्येक वॉर्डाचा एक आल्डरमन, तहहयात निवडलेला. इथे शिरकाव करायचा तर एखाद्या व्यवसायसंघाचं सदस्यत्व हवं. ॲस्गिल 'स्किनर्स' संघाचा, म्हणजे नावाप्रमाणे कातडी आणि फरवाल्यांचा. त्याचा कातड्याशी काही संबंध नव्हता. तोवर हे संघ धंद्यापासून सुटून नागरी हक्कांचं दार बनले होते. १७४९ मध्ये तो लोंबार्ड स्ट्रीटपासून जवळच असलेल्या कँडलविक वॉर्डाचा आल्डरमन झाला.

पुढची पायरी शेरीफची. लॉर्ड मेयर व्हायचं तर आधी शेरीफ व्हावंच लागे. दरवर्षी २४ जूनच्या सुमारास गिल्डहॉलमध्ये संघांचे सदस्य जमून दोन शेरीफ निवडत. हे पद मानाचं खरं, पण फार महागडं. न्यायालयाचे हुकूम बजावणं, ज्यूरी जमवणं, न्यूगेटसारखे तुरुंग सांभाळणं, फाशीची अंमलबजावणी करवणं, हे सगळं शेरीफच्या नावावर. कर्जापायी कैदेत असलेला माणूस पळाला तर त्याचं कर्ज भरायची पाळी शेरीफवर येऊ शके. म्हणजे शेरीफच्या मागे भरभक्कम मालमत्ता असावी ही कायद्याचीच गरज होती.

निवडून येऊनही नकार देणाऱ्याला जबर दंड होता. नगराने या दंडाचा उत्पन्नासारखा वापर केला, हे त्या कारभाराचं लांच्छनच म्हणावं लागेल. अँग्लिकन चर्चचा विधी न करणाऱ्या प्रॉटेस्टंटांना कायद्याने हे पद घेताच येत नसे. तरी त्यांनाच मुद्दाम निवडून आणायचं आणि नकाराबद्दल दंड वसूल करायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. त्यातून १५ हजार पौंडांहून अधिक गोळा झाले, आणि अशा दंडाच्या पैशावर लॉर्ड मेयरचं निवासस्थान, मॅन्शन हाऊस, उभं राहायला मोठी मदत झाली. १७६७ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी ही पद्धत फटकारली, तेव्हा ती थांबली.

ॲस्गिल १७५२ मध्ये शेरीफ झाला. जोडीचा दुसरा शेरीफ रिचर्ड ग्लिन, तोही लवकरच सराफीत उतरणारा. दोघांच्या वाट्याला आलेला न्यूगेट तुरुंग त्या काळी जीवघेणा होता. दोनच वर्षांपूर्वी, १७५० मध्ये, न्यूगेटच्या कैद्यांबरोबर तुरुंगज्वर ओल्ड बेलीच्या न्यायालयात पसरला आणि लॉर्ड मेयर सर सॅम्युएल पेनंट, दोन न्यायाधीश आणि आणखी कितीतरी माणसं दगावली. हा ज्वर म्हणजे उवांमुळे पसरणारा टायफस. तेव्हा मात्र कोंदट हवा हेच कारण मानलं जाई, म्हणून १७५२ मध्ये तुरुंगाच्या छपरावर पवनचक्की बसवून तिच्या जोरावर आतली हवा बाहेर काढायची व्यवस्था झाली. ज्वर त्याने संपला नाही. कपडे उकळल्याशिवाय आणि गर्दी कमी केल्याशिवाय उवा कशा जाणार?

मराठी वाचकाला आल्डरमन, शेरीफ ही नावं अगदी अनोळखी नाहीत. १७२६ च्या सनदेने मुंबईतही एक मेयर आणि नऊ आल्डरमन असलेलं मेयरचं न्यायालय स्थापन झालं, शेरीफचं पदही त्याच चौकटीत आलं. नमुना लंडनच्या नगररचनेचा होता, फक्त मुंबईत सगळी सूत्रं कंपनीच्या हातात.

मेयरच्या वर्षातली भाकरी

लॉर्ड मेयरची निवड दोन टप्प्यांत होई. सप्टेंबरच्या अखेरीस संघांचे सदस्य दोन नावं सुचवत, त्यांतलं एक आल्डरमन मंडळ निवडी. सूत्रं ९ नोव्हेंबरला हाती येत. आधी हा दिवस २९ ऑक्टोबर होता. १७५२ मध्ये इंग्लंडने दिनदर्शिका बदलून ११ दिवस गाळले, त्यानंतर तो पुढे सरकला.

ॲस्गिलने ९ नोव्हेंबर १७५७ ला सूत्रं घेतली तो काळ अवघड होता. फ्रान्सशी सात वर्षांचं युद्ध चालू होतं. १७५६ चं पीक वाईट गेल्याने धान्याचे दंगे झाले होते आणि धान्यापासून दारू गाळायला बंदी घालावी लागली होती. लंडनमध्ये पावाचा भाव ठरवणं हे लॉर्ड मेयर आणि आल्डरमन मंडळाचं काम. म्हणजे भाव चढला की शहराचा राग थेट मॅन्शन हाऊसच्या दारात.

पद्धत अशी: बाजारात गहू आणि पीठ कोणत्या भावाने गेलं याची माहिती नगराचे मापाडी ठरावीक दिवशी आणून देत. त्यात भट्टीवाल्याचा ठरलेला खर्च आणि मेहनताना मिळवून कोष्टकावरून पावाचा हिशेब निघे. पाव दोन जातींचा. एकात किंमत पक्की आणि वजन बदलतं: पेनीचा पाव नेहमी पेनीलाच, गहू महागला की पाव लहान. दुसऱ्यात वजन पक्कं आणि किंमत बदलती: 'क्वार्टर्न' पाव नेहमी ४ पौंड साडेपाच औंसांचा, म्हणजे साधारण १.९७ किलो, आणि भाव वरखाली. वजनात मारणाऱ्या भट्टीवाल्याला दर औंसामागे दंड.

१७५८ मध्ये, ॲस्गिलच्याच वर्षात, संसदेने या सगळ्या नियमांचा नवा कायदा केला. या पद्धतीचं दुखणं मात्र त्यात राहिलंच. कोष्टक गव्हाच्या भावावर चालायचं, भट्टीवाला विकत घ्यायचा पीठ. गव्हाचा आणि पिठाचा भाव सारखा हलला नाही की भट्टीवाला एक तर बुडायचा किंवा भेसळ करायचा. पंचावन्न वर्षांहून जास्त काळ ओढाताण झाली आणि १८१५ मध्ये लंडनमधून ही पद्धत रद्द झाली.

याशिवाय लॉर्ड मेयर हा शहराचा मुख्य दंडाधिकारी. मॅन्शन हाऊसमध्येच न्यायदालन होतं, तिथे चोऱ्या, मारामाऱ्या, नोकर-मालकांची भांडणं ऐकायची. पाहुणचाराचा खर्च प्रचंड, आणि नगराकडून मिळणारी रक्कम कधीच पुरत नसे. वर्षभराची तूट स्वतःच्या खिशातून.

हा खर्च पेढीच्या वहीत कुठेच दिसत नाही. पण विचार करा: ठेवीदाराला पेढीचा ताळेबंद पाहायला मिळत नाही. त्याला दिसतं ते एवढंच की या माणसाला वॉर्डाने निवडलं, शेरीफची जोखीम याने पेलली, तुरुंगातल्या कर्जदारांची हमी घेऊन हा वर्षभर उभा राहिला, शेकडो माणसांना जेवू घालून याची पेढी तशीच उघडी आहे. लपवालपवी करणाऱ्याला एवढ्या उजेडात वर्ष काढणं कठीण. ताळेबंदाची जागा या वर्षाने घेतली. म्हणून त्या शतकात सराफ पुन्हा पुन्हा या खुर्चीवर दिसतात: ॲस्गिलनंतर लगेच, १७५८ मध्ये, जोडीदार शेरीफ रिचर्ड ग्लिनच लॉर्ड मेयर झाला.

दगडातली आणि लाकडातली पत

ॲस्गिलला एक गुणी वास्तुविशारद सापडला, रॉबर्ट टेलर. मूळचा शिल्पकार. लोंबार्ड स्ट्रीटवर पेढीची नवी इमारत, रिचमंडला टेम्सच्या काठावर ॲस्गिल हाऊस, आणि लॉर्ड मेयरची सोनेरी राजगाडी, तिन्ही त्याच्या हातची. पुढे तो बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुविशारद झाला.

राजगाडी १७५७ च्या मिरवणुकीसाठी होल्बर्नच्या जोसेफ बेरी याच्या कारखान्यात बनली. १७१० मध्ये सर गिल्बर्ट हीथकोट घोड्यावर बसून मिरवणारा शेवटचा मेयर. त्यानंतर गाड्या आल्या, पण अशी गाडी नव्हती. तिला स्प्रिंगा नाहीत, सगळा डोलारा जाड चामडी पट्ट्यांवर लोंबतो, त्यामुळे आत बसणारा चांगलाच हेलकावे खातो. बाजूच्या चित्रांचं श्रेय चिप्रियानी या इटालियन चित्रकाराला देतात.

रिचमंडचं घर अगदी वेगळं: आटोपशीर, जुन्या राजवाड्याच्या जागेवर, नदीकडे पुढे आलेल्या अष्टकोनी खोल्यांचं. जमीनदारासारखी हजार एकरांची इस्टेट नाही. आठवडाभर शहरात काम करणाऱ्या माणसाने शनिवार-रविवारी यावं एवढ्या बेताचं. अमर्याद जबाबदारीच्या नियमाने हेही घर पेढीच्या देण्याला बांधलेलंच होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते नदीवरून दिसे. सोनं तिजोरीत दडलेलं असतं, घर मात्र उघड्यावर.

१७६१ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्याने नावामागचं 'सर' मुलाकडे जाणार होतं, हाऊस ऑफ लॉर्ड्सची जागा मात्र मिळत नाही.

१७७२: भिंत कुठे फुटते

८ ते १० जून १७७२ च्या दरम्यान काय झालं हे लंडनच्या सराफांच्या तीन पिढ्यांनी लक्षात ठेवलं. नील, जेम्स, फोर्डाइस अँड डाउन या पेढीतला भागीदार अलेक्झांडर फोर्डाइस याने ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर पडतील अशी मोठी पैज लावली होती. ते वेळेवर पडले नाहीत. पेढीचा पैसा त्यात गेला, तो फ्रान्सला पळाला आणि पेढीला टाळं लागलं.

एक पेढी बुडाली म्हणून एवढा हाहाकार का? कारण मालाशिवायच्या हुंड्या. लीड्सच्या व्यापाऱ्याच्या हुंडीमागे कापड होतं. पण दोन माणसं काहीच न विकता एकमेकांवर हुंड्या काढू शकतात: अ ने ब वर काढली, ती वटवून पैसे घेतले, मुदत आली की ब ने अ वर काढून ते भागवलं. कागदावर दोन सह्या, दोन जामीन. प्रत्यक्षात मागे काही नाही, आणि प्रत्येक फेरीला वटाव चढत जातो. स्कॉटलंडच्या एअर (Ayr) बँकेने असाच व्यवहार प्रचंड प्रमाणात केला होता. फोर्डाइसची पेढी या साखळीतली मोठी कडी होती, ती तुटताच सगळ्यांना एकदम शंका आली की आपल्या पेटीतल्या किती हुंड्या पोकळ आहेत. त्याच महिन्यात एअर बँकेनेही पैसे देणं थांबवलं.

आणि ग्लिनच्या पेढीनेही. माजी लॉर्ड मेयर, बॅरोनेट, नगरातला मोठा माणूस, तरी दार बंद करावं लागलं. म्हणजे पदामुळे पेढी बुडत नाही असं मुळीच नव्हतं. फरक नंतर दिसला: घेणेकऱ्यांनी वेळ दिला, पेढी पुन्हा उघडली आणि पुढे दोन शतकं ग्लिनचं नाव लंडनच्या बँकिंगमध्ये राहिलं. फोर्डाइसच्या पेढीला तशी संधी मिळाली नाही. ग्लिन स्वतः १७७३ च्या पहिल्याच दिवशी वारला.

ॲस्गिलची पेढी या वादळातून तरली. १७७७ मध्ये त्याने आल्डरमनपद सोडलं.

पैशाने न सुटणारं संकट

ॲस्गिलची पहिली बायको हॅना लवकर वारली. १७५५ मध्ये त्याने सारा थेरेसा प्रॅटव्हिएल हिच्याशी लग्न केलं. ती फ्रान्समधून धार्मिक छळामुळे आलेल्या ह्यूगेनॉट (फ्रेंच प्रॉटेस्टंट) कुटुंबातली. त्यांचा मुलगा चार्ल्स १७६२ चा. तो पेढीत आला नाही, सैन्यात गेला, आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, ऑक्टोबर १७८१ मध्ये, ब्रिटिश फौजेच्या यॉर्कटाउनच्या शरणागतीत अमेरिकनांच्या हाती सापडला.

एप्रिल १७८२ मध्ये ब्रिटिशांच्या बाजूच्या लोकांनी जोशुआ हडी या अमेरिकन कॅप्टनला खटल्याशिवाय फाशी दिलं. सूड म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी एका ब्रिटिश कॅप्टनला फाशी द्यायचं ठरवलं. २७ मे रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावी १३ कॅप्टनांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. निघालं नाव चार्ल्स ॲस्गिल, वय २०. शरणागतीच्या करारातलं १४ वं कलम या कैद्यांना संरक्षण देत होतं, हेच या प्रकरणातलं मोठं वैगुण्य.

सर चार्ल्स तेव्हा आजारी होता. आई उठली. तिने १८ जुलैला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री काउंट द व्हर्जेन यांना पत्र लिहिलं, म्हणजे ज्या देशाशी इंग्लंडचं युद्ध चालू होतं त्या देशाच्या मंत्र्याला. निवड अचूक होती. यॉर्कटाउनचा विजय फ्रेंच फौजेमुळे मिळाला होता आणि करारावर फ्रान्सचीही सही होती, त्यामुळे त्यांचा शब्द अमेरिकनांना टाळता येणारा नव्हता. व्हर्जेन यांनी राजाराणीला पत्र दाखवलं आणि २९ जुलैला वॉशिंग्टन यांना लिहिलं. ७ नोव्हेंबर १७८२ ला अमेरिकन काँग्रेसने सुटकेचा ठराव केला.

सर चार्ल्स ॲस्गिल १५ सप्टेंबर १७८८ रोजी वारला. किताब मुलाकडे गेला. तो जनरलपदापर्यंत चढला आणि १८२३ मध्ये निपुत्रिक वारला, तिथे बॅरोनेटपद संपलं. लोंबार्ड स्ट्रीटवरची इमारत पुढे पेलिकन विमा कंपनीकडे गेली, आज ती उभी नाही. रिचमंडचं ॲस्गिल हाऊस आहे. खासगी घर असल्याने आत जाता येत नाही, पण नदीकाठच्या पायवाटेवरून रिचमंडच्या रेल्वेपुलाजवळ ते सहज दिसतं. राजगाडी पाहायची तर नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या शनिवारी सिटी ऑफ लंडनमध्ये जावं. लॉर्ड मेयरची मिरवणूक आजही तिच्यातून, सहा घोडे जुंपून निघते.